तारणाचा निवाडा शेजाऱ्याच्या हाती नाही

एकदा लाभलेले तारण माणूस गमावू शकतो का? मीरा-भाईंदरच्या ख्रिस्ती समाजात हा प्रश्न धर्मशास्त्राच्या वर्गापुरता उरत नाही. एक भाऊ उत्तनच्या देवळात मिस्साला जातो, दुसरा मीरा रोडच्या एखाद्या प्रार्थनासभेत. मग ‘तुझे तारण झाले आहे का?’ हा सवाल जेवणाच्या ताटावरही येतो.

उत्तरे वेगळी आहेत, कारण परंपरा वेगळ्या आहेत. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट धर्मपरिषदेने 1547 मध्ये शिकवले, की घोर पापाने माणूस देवाची कृपा गमावतो, पण पश्चात्तापाने आणि प्रायश्चित्त संस्काराने ती पुन्हा लाभते. 1618-19 च्या डॉर्टच्या परिषदेत प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनच्या अनुयायांनी ठरवले, की देवाने निवडलेला पडला तरी कायमचा हरवत नाही. देवच त्याला अखेरपर्यंत टिकवतो. मेथडिस्ट आणि बहुतेक पेन्टेकॉस्टल मंडळ्या मात्र विश्वास सोडणाऱ्याचे तारण जाऊ शकते असे मानतात. आधार सर्वांनाच बायबलचा आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय मेंढरांना मेंढपाळाच्या हाती सुरक्षित ठेवतो, तर इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय मागे फिरणाऱ्यांना कडक इशारा देतो.

दिलासा आणि इशारा दोन्ही हवेत. पाप केव्हाच कबूल करूनही भीतीने झोप उडालेल्याला दिलासा हवा. दुसऱ्याला लुबाडून निर्धास्त राहणाऱ्याला इशारा. या औषधांची अदलाबदल झाली, की पहिला निराशेत खचतो आणि दुसरा निगरगट्ट होतो. सर्वांत मोठा अन्याय मात्र मृत्यूच्या घरी होतो. मिस्सा सुटलेल्या, व्यसनात गेलेल्या किंवा आत्महत्या केलेल्या माणसाच्या आईसमोर ‘त्याचे तारण गेले’ असे बोलण्याचा अधिकार कोणालाही नाही.

कॅथलिक चर्चचेच उदाहरण घ्या. भाईंदरच्या खाडीपलीकडच्या वसईचे गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मरण पावले. चर्चने त्यांना 1862 मध्ये संत घोषित केले. अशा शेकडो संतांची नावे चर्चने जाहीर केली आहेत. पण अमुक माणूस नरकात गेला, असे एकाही नावाबद्दल अधिकृतपणे जाहीर केलेले नाही. मृतांसाठी ते प्रार्थना करते, निकाल देत नाही. शतकानुशतके पाळलेला हा संयम प्रत्येक पंथाच्या धर्मगुरूने, पाळकाने आणि नातलगाने पाळावा.

माझे तारण टिकेल का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला जरूर विचारावा, रोज विचारावा. शेजाऱ्याच्या तारणाचा निकाल मात्र देवावर सोपवावा आणि त्याच्या दुःखात त्याच्या घरी जाऊन बसावे.