बंदुकीचं वजन किलोत मोजू नका

डावा खांदा दुखावलेल्या, पन्नाशी उलटलेल्या माणसाने एअर रायफल कोणती घ्यावी? कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "हलकी घ्या." तीन वर्षांपूर्वी इथे इंग्लंडमध्ये एका दुकानात मला हेच सांगितलं गेलं आणि मीही मान डोलावली. २.७ किलोची, आखूड नळीची, स्प्रिंगवाली रायफल घरी आणली. दोन महिन्यांत खांदा इतका बिघडला की फिजिओथेरपिस्टने नेमबाजी बंद करायला लावली. 'वय झालं आता' असं म्हणत मी ती कपाटात ठेवून दिली. आठवड्यातली क्लबची एकुलती एक संध्याकाळही गेली.

चूक वयाची नव्हती. प्रश्नच चुकीचा विचारला होता, आणि शाळेतल्या भौतिकशास्त्राने ते दाखवून दिलं असतं. माझं मत असं की शरीराची मर्यादा असलेल्या नेमबाजाने 'वजन किती?' हे सर्वांत शेवटी विचारावं. आधी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, बंदूक भरायला लागणारा जोर. इंग्लंडमध्ये परवान्याशिवाय ठेवता येणाऱ्या एअर रायफलची ऊर्जा १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६ ज्यूल, यापेक्षा जास्त असू शकत नाही. स्प्रिंगमध्ये साठवलेल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच छऱ्याला मिळतो. म्हणजे दर नेमाला पन्नासेक ज्यूल आपल्या हाताने भरावे लागतात. शंभर नेमांचे झाले ५,००० ज्यूल, जेमतेम सव्वा किलोकॅलरी. बिस्किटाचा एक तुकडा खाल्ला की फिटलं! मग खांदा का दुखतो? कारण खांद्याला ऊर्जेपेक्षा बल जाचतं. नळी मोडून भरायच्या बंदुकीत नळी हीच तरफ असते. तरफ ४५ सेंटीमीटरवरून ३० वर आणली, तर त्याच स्प्रिंगला दीडपट जोर लागतो. आखूड नळीमुळे माझ्या बंदुकीचं वजन कमी झालं होतं आणि त्याच आखूड नळीने खांद्याची वाट लावली.

दुसरी गोष्ट, गुरुत्वमध्य कुठे आहे. बंदुकीचा दस्ता उजव्या खांद्याला टेकलेला असतो आणि डावा हात तिला पुढून तोलतो. डाव्या हातावरचा भार काढायचा तर बंदुकीचं वजन गुणिले दस्त्यापासून गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर, भागिले दस्त्यापासून डाव्या हातापर्यंतचं अंतर. माझ्या बंदुकीचा गुरुत्वमध्य दुर्बिणीसकट ४६ सेंटीमीटरवर होता आणि हात ४० वर. हातावर आले ३.१ किलो. क्लबमधल्या एका मित्राची बंदूक ३.२ किलोची, पण तिची यंत्रणा दस्त्यातच बसवलेली असल्याने गुरुत्वमध्य ३२ वर. हात तिथेच धरला तर भार २.६ किलो. काट्यावर अर्धा किलो जड असलेली बंदूक हाताला अर्धा किलो हलकी!

तिसरी गोष्ट, धक्का. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे सरकते, आणि पिस्टन थांबला की उलट पुढे झटका देते. समजा पिस्टन पाव किलोचा आणि त्याची धाव ८० मिलिमीटर. दोरीला मोकळी टांगलेली ४ किलोची बंदूक सुमारे ५ मिलिमीटर मागे जाईल, तर २.७ किलोची साडेसात. संवेग अक्षय्यतेपुढे जाहिरातीचं काही चालत नाही. त्यातून हलक्या बंदुकीचं जडत्व कमी, म्हणून हाताची थरथर नळीच्या टोकाला जास्त दिसते. स्पर्धेच्या एअर रायफलला साडेपाच किलोपर्यंत मुभा आहे आणि धडधाकट नेमबाज मुद्दाम वजनं लावून घेतात, ते याचसाठी.

हलकी बंदूक वाईटच असते असं मला म्हणायचं नाही. वजन कमी हवंच असेल, तर ते आधीच दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलमध्ये शोधावं. तिच्यात धावणारा जड पिस्टन नाही, त्यामुळे झटका नगण्य, आणि भरायला दोन बोटं पुरतात. तोटेही सांगतो. ती महाग असते. हातपंपाने २०० बार दाब भरणं म्हणजे दुखऱ्या खांद्याला नवी शिक्षा, म्हणून पाणबुड्यांकडे असते तशी हवेची टाकी लागते. ती प्रत्येकाने विकत घेण्यापेक्षा क्लबमध्ये एक असावी.

आणि तरीही भार पेलवत नसेल तर? तर टेकू घ्यावा, खुशाल घ्यावा. "टेकू लावून कसली नेमबाजी?" असं हसत विचारणारे भेटतात. त्यांनी पॅरालिम्पिकचे नियम पाहावेत. रायफलचं वजन स्वतः पेलू शकणाऱ्या खेळाडूंचा गट एसएच-१. टोकियो आणि पॅरिस अशी लागोपाठ दोन सुवर्णपदकं मिळवणारी अवनी लेखरा आणि टोकियोत चौथा आलेला कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर याच गटातले. ज्यांच्या हातांना ते वजन पेलवत नाही त्यांच्यासाठी एसएच-२, आणि त्यांना स्प्रिंग बसवलेला स्टँड नियमानेच मिळतो. स्टँड वजन पेलतो, नेम मात्र खेळाडूलाच धरावा लागतो. दहा मीटरवरच्या त्या लक्ष्याचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे. ज्याला ही फसवणूक वाटते त्याने स्टँडवरून तो एकदा टिपून दाखवावा.

तेव्हा दुकानात जाताना मोजपट्टी आणि एक टॉवेल न्या. टॉवेलची गुंडाळी करून दुर्बीण लावलेली बंदूक तिच्यावर तोला आणि दस्त्यापासूनचं अंतर मोजा. बंदूक एकदा नाही, वीस वेळा भरून पाहा, कारण पहिल्या पाच वेळा सगळ्याच सोप्या वाटतात. देश आणि प्रांत बदलला की कायदाही बदलतो, तो आधी पाहा: स्कॉटलंडमध्ये २०१६ अखेरपासून एअर रायफललाही परवाना लागतो.

मी आता त्या मित्राच्या बंदुकीसारखीच बंदूक वापरतो, टेबलावरच्या टेकूवरून. खांदा काही बरा झालेला नाही. क्लबची संध्याकाळ मात्र परत मिळाली आहे. तुमच्या ओळखीत कुणी 'आता जमत नाही' म्हणून बंदूक ठेवून दिली असेल, तर त्यांना एवढंच विचारा: तुमचं शरीर मोजलं होतं की फक्त बंदूक?