वीर कोणास म्हणावे?

बालपणी आपल्या गावचा मोटार-शर्यतपटू आपणांस देवासमान भासतो, तो बहुधा त्याच्या चषकांमुळे. पण चषक हीच वीराची खूण काय? अमेरिकेतील डॅनव्हिल गावच्या वेंडेल स्कॉटचे उदाहरण घ्या. हा कृष्णवर्णीय शर्यतपटू आपली मोटार स्वतःच दुरुस्त करी. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथे तो पहिला आला. तथापि विजेता म्हणून दुसऱ्याचेच नाव पुकारण्यात आले. काही तासांनी त्याचा विजय मान्य झाला, तोवर प्रेक्षक पांगले होते. तरी पुढे कित्येक वर्षे तो शर्यतींत उतरतच राहिला. १९९० साली तो निवर्तला. नॅसकारच्या कीर्तिमंदिरात त्यास स्थान मिळाले ते २०१५ साली. विद्यार्थिमित्रांनो, वीर निवडताना त्याचे तेलाने माखलेले हात आधी पाहावेत, असे आम्हांस वाटते.