मारिनेत्ती ‘वाट चुकला’ नव्हता

१/
इटालियन कवी फिलिप्पो तोम्मासो मारिनेत्ती याच्याविषयी एक सोयीची कथा वारंवार सांगितली जाते : तो मुळात थोर बंडखोर कवी होता, पुढे मुसोलिनीच्या नादी लागून बिघडला. ही कथा कालक्रमाच्या साध्या कसोटीवरही टिकत नाही. त्याचे जाहीरनामे तारखेवार वाचले की पुरे.

२/
२० फेब्रुवारी १९०९. पॅरिसच्या ‘ल फिगारो’च्या पहिल्या पानावर भविष्यवादाचा जाहीरनामा झळकला. एकूण ११ कलमे. वेगाचे सौंदर्य, प्राचीन शिल्पाहून सुंदर ठरवलेली मोटारगाडी, हे सर्वांच्या स्मरणात असते. नववे कलम मात्र हमखास गाळले जाते. त्यात युद्ध, लष्करशाही आणि देशाभिमान यांचा गौरव आहे आणि स्त्रीविषयी उघड तिरस्कार आहे.

३/
त्या वर्षी मुसोलिनी कोण होता? समाजवादी पक्षाचा पत्रकार. १९११ मध्ये इटलीने लिबियावर स्वारी केली, तेव्हा विरोध केल्याबद्दल त्याने तुरुंगवास भोगला. मारिनेत्तीने मात्र त्याच स्वारीचे वार्ताहर म्हणून गुणगान केले. मग नादी कोण कोणाच्या लागले? युद्धपूजेत तरी कवी हुकूमशहाच्या पुढे होता.

४/
कलेबाबतचे त्याचे विचार मात्र झपाट्याने बदलत गेले. १९०९ चा जाहीरनामा ओघवत्या, आलंकारिक गद्यात आहे. १९१२ च्या तांत्रिक जाहीरनाम्यात त्याने वाक्यरचना मोडण्याची, विशेषणे व क्रियाविशेषणे हद्दपार करण्याची आणि विरामचिन्हांऐवजी गणिती चिन्हे वापरण्याची मागणी केली. १९१४ च्या ‘झांग तुंब तुंब’मध्ये एदिर्नेच्या वेढ्यातील तोफांचा आवाज अक्षरांच्या लहानमोठ्या आकारांतून पानावर उतरला. मुद्रित कवितेचे रूपच त्याने पालटले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या नव्या तंत्राचा आनंदविषय कोणता, हेही विसरता येत नाही.

५/
मार्च १९१९ मध्ये मिलानच्या सान सेपोल्क्रो चौकातील सभेत फॅसिस्ट संघटनेची स्थापना झाली. मारिनेत्ती तिथे हजर होता. पुढच्याच महिन्यात ‘अवांती!’ या समाजवादी दैनिकाच्या कचेरीवर हल्ला झाला. त्यातही तो सामील होता.

६/
‘पण १९२० मध्ये त्याने संघटना सोडली!’ सोडली, हे खरे. कारण पाहावे : मुसोलिनी राजेशाही आणि चर्च यांच्याशी जुळवून घेऊ लागला, हे त्याला खुपले. हिंसेविषयी त्याची तक्रार नव्हती. १९२४ पर्यंत तो पुन्हा जवळ आला. १९२९ मध्ये, एकेकाळी अकादम्या आणि संग्रहालये जमीनदोस्त करा म्हणणारा हा कवी राजवटीच्या अकादमीचा सदस्य झाला.

७/
१९३० चा पाककलेचा जाहीरनामा विनोद म्हणून सांगितला जातो. पास्ता बंद करा, हे त्यातले मुख्य आवाहन. त्यामागचा तर्क हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पास्त्याने माणूस सुस्तावतो आणि येऊ घातलेल्या युद्धाला चपळ इटालियन हवेत, असा तो होता. जेवणाच्या ताटापर्यंत लष्करशाही पोहोचली होती.

८/
इथिओपियावरील आक्रमणात तो साठीच्या उंबरठ्यावर असताना स्वतः गेला आणि त्या युद्धाला त्याने सुंदर म्हटले. १९३६ मध्ये वाल्टर बेन्यामिनने आपल्या प्रसिद्ध निबंधाच्या शेवटी नेमके हेच उदाहरण घेतले : फॅसिझम राजकारणालाच सौंदर्याचा विषय बनवतो.

९/
आता नेहमीचा बचाव : ‘तो त्याच्या काळाचे अपत्य होता.’ आल्दो पालाझ्झेस्की हाही त्याच काळाचा, त्याच देशाचा, त्याच चळवळीतला कवी. युद्धज्वर पसरताच १९१४ मध्ये तो मारिनेत्तीपासून वेगळा झाला. तिकडे रशियात, १९१२ च्या जाहीरनाम्यात जुने साहित्य फेकून द्या म्हणणारा भविष्यवादी मायकोव्हस्की ऑक्टोबर क्रांतीच्या बाजूला गेला. म्हणजे नव्या शैलीने कोणाला फॅसिझमकडे ढकलले नाही आणि काळानेही नाही. ती निवड होती.

१०/
न्याय दोन्ही बाजूंनी करावा. १९२१ मध्ये ग्राम्शीने, संस्कृतीच्या क्षेत्रात भविष्यवाद्यांनी क्रांतिकारक काम केले, अशी दाद दिली. १९३८ च्या सुमारास आधुनिक कलेला ज्यूंची, अधःपतित म्हणून हिणवणाऱ्यांना मारिनेत्तीने विरोध केला. तरी राजवटीशी नाते त्याने तोडले नाही. १९४२ मध्ये तो रशियाच्या आघाडीवर गेला. २ डिसेंबर १९४४ रोजी बेल्लाजिओ येथे मरेपर्यंत तो मुसोलिनीच्याच बाजूचा राहिला.

११/
व्याकरण, संग्रहालय, अकादमी, राजा या सर्वांविषयी मारिनेत्तीची मते बदलली अथवा मवाळ झाली. नववे कलम तेवढे बदलले नाही. ‘कला आणि राजकारण वेगळे ठेवा’ हा सल्ला त्याच्या बाबतीत लागू करायचा, तर त्याचाच जाहीरनामा फाडावा लागेल. इतिहासाच्या अभ्यासकाने निदान अकराही कलमे वाचावीत.