टसॅक गवत आणि मोकाट चराई

गवत ही लावावयाची वस्तु नव्हे. तें पावसानें उगवतें आणि जनावरें तें खातात, यांत माणसानें करावयाचें असें कांहीं नाहीं, अशी समजूत आमच्या शेतकरी बंधूंत फार दृढ आहे. या समजुतीचा परिणाम काय होतो, हें एका दूरच्या बेटावरील गवताच्या हकीकतीवरून चांगलें कळून येतें. म्हणून ती आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

दक्षिण अमेरिकेच्या टोंकाकडील किनाऱ्याच्या पूर्वेस सुमारें ३०० मैलांवर फॉकलंड नांवाचा द्वीपसमूह आहे. त्यांत दोन बेटें मोठीं आहेत व लहान तर शेंकडों. वारा अखंड वाहतो, आणि मूळचें झाड म्हणून एकही नाहीं. तेथील समुद्रकांठीं ‘टसॅक’ नांवाचें बहुवर्षायु गवत होतें. शास्त्रांत त्यास पोआ फ्लॅबेलाटा म्हणतात. जुनीं पानें व मुळ्या सांचून ठोंबाखालीं जाड बुडखा तयार होतो, आणि त्यावर पानांचा झुबका असा वाढतो कीं, माणूस आंत शिरला तर दिसेनासा व्हावा. खाऱ्या वाऱ्यास व समुद्राच्या तुषारांस तें दाद देत नाहीं. जवळ पेंग्विन पक्ष्यांची किंवा सीलांची वस्ती असली तर त्यांच्या विष्ठेचें खत मिळून तें अधिकच माजतें.

या गवताचे गुण थोडे नव्हेत. तेथील हिवाळा जून ते ऑगस्ट असतो. त्या वेळीं माळावरील इतर गवत वाळून निःसत्त्व होतें. टसॅक मात्र हिरवें राहतें. त्याच्या बुडाशीं असलेला पांढरा गाभा गोड असून गाई, घोडे, मेंढ्या व डुकरें तो आवडीनें खातात. पूर्वीं खलाशीही खात असत. घोड्यांसाठीं तें कापून आणण्याचीही चाल होती. शिवाय पक्ष्यांस त्यांत निवारा मिळतो व किनाऱ्याची माती जागच्या जागीं राहते. जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८४२ सालीं हें गवत तेथें पाहून त्याची मोठी वाखाणणी केली, आणि पुढें स्कॉटलंडच्या बेटांवरही तें लावून पाहण्यांत आलें.

परक्यांनीं ज्याचा असा लोभ धरला, त्याची घरीं काय दशा झाली? १७६४ सालीं फ्रेंच लोकांनीं तेथें वसाहत केली व गुरें आणलीं. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मेंढ्यांचे कळप वाढले. कुंपण नाहीं, राखणदार नाहीं. जनावर चांगल्या गवताकडे आधीं धांवतें. त्यानें गाभ्यासकट कोंब खाल्ला, नवा फुटवा आला तोही खाल्ला, आणि बारा महिने विसांवा न मिळाल्यामुळें ठोंब मेले. कित्येक ठिकाणीं आग लागून खालची काडीकचऱ्याची मातीही जळाली. मग उघडी पडलेली जमीन वाऱ्यानें नेली. आज मूळच्या टसॅकपैकीं सुमारें चार पंचमांश नाहींसें झालें आहे. जीं लहान बेटें जनावरांच्या पायांपासून वांचलीं, तेथें तें अद्यापि दाट आहे. म्हणजे दोष हवेचाही नव्हे, मातीचाही नव्हे!

आतां तेथील शेतकरी व निसर्गरक्षण करणाऱ्या मंडळ्या हें गवत हातानें पुन्हां लावीत आहेत. रीत साधी आहे. प्रथम किनाऱ्याच्या पट्ट्यास कुंपण घालावयाचें. मग जोमदार ठोंबांतून मुळ्यांसह फुटवे वेगळे करून ते उघड्या जमिनींत अंतराअंतरानें लावावयाचे. आणि ठोंब पुरते सांवरेपर्यंत एकही जनावर आंत सोडावयाचें नाहीं. पुढेंही चराई हिवाळ्यांत, थोडे दिवस व बेतानें. वाढीच्या दिवसांत पूर्ण बंदी.

टसॅक आपल्याकडे आणा, असें आमचें म्हणणें नाहीं. तें थंड व दमट हवेचें गवत आहे. आमच्या उन्हाळ्यांत तें टिकावयाचें नाहीं. घ्यावयाची ती रीत. महसुली दप्तरांत आम्हीं उमेदीचीं वर्षें घालविलीं. गायरानाचें क्षेत्र कागदावर गुंठ्यांसह लिहिलेलें असतें. पण त्यावर गवताची काडी तरी उरली आहे काय, हें त्या कागदावरून कळत नाहीं. गायरान सर्वांचें म्हणून चारावयास सर्व पुढें, आणि राखावयास कोणी नाहीं, अशी स्थिति गांवोगांव दिसते.

कुंपणास पैसा कोठून आणावा, असें कोणी विचारील. अहिल्यानगर (पूर्वींच्या अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें १९९० नंतरच्या दशकांत गांवानें चराईबंदी ठरविली व पाळली. जनावर गवताकडे न सोडतां गवत कापून जनावराकडे न्यावयाचें, हा नियम केला. खरें कुंपण तारेचें नव्हे, गांवाच्या शब्दाचें होय.

यास्तव आमची सूचना एवढीच कीं, येत्या मृगापूर्वीं प्रत्येक गांवानें ग्रामसभेंत ठराव करून गायरानाचा निदान चौथा हिस्सा बंद करावा, त्यांत आपल्याच रानांतील चांगल्या गवताचे ठोंब लावावे, आणि दिवाळीनंतर विळ्यानें कापून वांटून घ्यावें. पहिल्या वर्षीं भारे कमी निघतील. तेवढ्यानें धीर सोडूं नये; कारण गेलेलें गवत परत आणतां येतें, पण त्याखालची वाहून गेलेली माती कोणत्याही ठरावानें परत येत नाहीं.