मनाची जखमही कर्तव्यावरचीच जखम आहे



भरतीत पोरगा निवडला गेला की गाव पेढे वाटतं. तिरंग्यात लपेटून आला की सारा तालुका रस्त्यावर उतरतो. मधली पंधरा-सतरा वर्षं मात्र त्याची एकट्याची असतात. त्या वर्षांत त्याच्या मनावर काय बेतलं, हे विचारण्याची सोय सरकारने धड केली नाही आणि आपणही कधी मागितली नाही. ती आज मागायची आहे.

जुलै २०२२ मध्ये संरक्षण राज्यमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं की त्याआधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत ८१९ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांत लष्करातले ६४२, हवाई दलातले १४८ आणि नौदलातले २९. महिन्याला सरासरी तेराहून अधिक. ही माणसं शत्रूच्या गोळीने गेली नाहीत. ती आपल्या हातून निसटली.

कारणं कोणत्याही फौजीच्या घरी माहीत आहेत. काश्मीरमध्ये समोरून येणारा माणूस शेतकरी की अतिरेकी, हे क्षणात ठरवायचं आणि त्या निर्णयाचं ओझं जन्मभर वागवायचं. उंचावरच्या चौकीवर महिनोन्महिने तीच चार तोंडं पाहायची. रात्रीची झोप तुकड्या-तुकड्यांत घ्यायची. त्यात घरून फोन येतो : भाऊबंदाने बांध कोरला, आईला दवाखान्यात नेलं, बँकेची नोटीस आली. वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा कागदावर आहे. पण ज्या आठवड्यात घर पेटतं, त्याच आठवड्यात ती मिळेल याची खात्री नाही.

मग तो बोलत का नाही? कारण बोलल्याची किंमत त्याला पक्की ठाऊक आहे. फौजेत प्रकृतीची वर्गवारी ‘शेप’ (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांनी होते आणि त्यातलं पहिलंच अक्षर मनाचं आहे. ती कॅटेगरी खाली आली की नाईकाचा हवालदार होणं अडतं, चांगला कोर्स हुकतो, पलटणीत नजरा बदलतात. ‘कागद खराब होईल’ एवढ्या भीतीपोटी जवान डॉक्टरला ‘सब ठीक है, साब’ म्हणून परत येतो.

त्याहून वाईट आहे तो लष्कराचा कायदा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारने घ्यायची. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतून आत्महत्येच्या प्रयत्नाचा जुना गुन्हाही गेला. पण लष्कर कायदा, १९५० च्या कलम ६४ मध्ये जवानाने केलेला असा प्रयत्न आजही गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नागरिकाला उपचार आणि त्या नागरिकाचं रक्षण करणाऱ्याला कोर्ट मार्शल, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

मेल्यावरही भेद सुटत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका अग्निवीराच्या मृत्यूनंतर लष्करानेच स्पष्ट केलं की स्वतःच्या हाताने झालेल्या मृत्यूला १९६७ च्या आदेशानुसार लष्करी इतमामात निरोप मिळत नाही. ज्याने दहा वर्षं सीमेवर काढली, त्याच्या आईने शेवटच्या दिवशी मान खाली घालून का चालायचं?

जो जगून परत येतो, त्याची लढाई मेडिकल बोर्डापुढे सुरू होते. ‘आजाराचा सेवेशी संबंध नाही’ असा शेरा पडला की अपंगत्व निवृत्तिवेतन अडतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं होतं : भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे उद्भवला, तर तो सेवेमुळेच झाला असं मानायचं, तसं नाही हे सरकारने सिद्ध करायचं, शंकेचा फायदा जवानाला द्यायचा. तरीही आजारी माणसाला वकील लावून लष्करी न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. भरतीच्या वेळी ज्याला तपासून धडधाकट म्हणून घेतलं, त्याचं मन सेवेत मोडलं तर ते कुणाच्या खाती?

पाठीचा कणा मोडलेल्या जवानासाठी पुण्यात खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. त्याचा आम्हाला अभिमान आहे. मन मोडलेल्याच्या वाट्याला मात्र घरची अंधारी खोली येते. फटाका वाजला की तो दचकतो, पोरांवर ओरडतो, रात्रभर अंगणात फेऱ्या मारतो. बायको सगळं झाकते आणि गाव म्हणतं, ‘मिलिटरीवाला आहे, तापटच असायचा.’ कँटीनमधून रमचा कोटा दर महिन्याला मिळतो. समुपदेशकाची भेट मात्र कुणी ठरवून देत नाही. अग्निवीरांची स्थिती याहून बिकट आहे. २०२२ च्या योजनेत चार वर्षांनंतर फार तर २५ टक्के जण कायम होतील. बाकीच्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, निवृत्तिवेतन नाही, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्डही नाही.

काही पावलं पडली आहेत, हे आम्ही मान्य करतो. युनिटमध्ये समुपदेशक नेमले जातात. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेली-मानस या दूरध्वनी समुपदेशन सेवेचा खास कक्ष सुरू झाला. पण बोलणाऱ्याचं नुकसान होत राहील, तोवर फोन उचलायला माणूस बसवून भागणार नाही.

कुणी म्हणेल, मन ठिकाणावर नसलेल्याच्या हाती बंदूक कशी द्यायची? देऊच नका. काही महिने हत्यारापासून दूर ठेवा, उपचार करा, बरा झाला की सन्मानाने परत घ्या. धोका आजार सांगणाऱ्यापासून नाही. तो लपवून रात्रीच्या पहाऱ्यावर उभा राहणाऱ्यापासून आहे.

आमच्या मागण्या :

१. स्वतःहून मदत मागणाऱ्या जवानाची बढती आणि ज्येष्ठता उपचाराच्या काळात अबाधित ठेवा.
२. लष्कर कायद्याच्या कलम ६४ मधून आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा वगळा.
३. फील्डमधून परतलेल्या प्रत्येकाची, हुद्दा न पाहता, मानसिक तपासणी करा. सर्वांचीच झाली की कुणाकडे बोट दाखवता येणार नाही.
४. सेवेत उद्भवलेल्या मानसिक आजाराला २०१३ च्या निकालाप्रमाणे निवृत्तिवेतन द्या. जवानाला कोर्टात ओढू नका.
५. प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ठरलेल्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ बसवा आणि तिथे घरच्यांनाही बोलू द्या.
६. चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीरांना मानसिक उपचारांसाठी ईसीएचएसमध्ये घ्या.
७. लष्करी इतमामातला निरोप नाकारणारा १९६७ चा आदेश बदला.

गावकऱ्यांनो, आपलंही काम आहे. रिटायर होऊन आलेल्याला ‘किती मारले?’ असं विचारू नका. त्याच्या बायकोला ‘सांभाळून घे’ म्हणून गप्प करू नका. १४४१६ हा टेली-मानसचा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या आणि दूध डेअरीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरते. येत्या ग्रामसभेत या सात मागण्यांचा ठराव मांडा, माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या सह्या घ्या आणि प्रती जिल्हाधिकारी, खासदार आणि संरक्षण मंत्रालयाला पाठवा. एका गावाचा ठराव फायलीत पडून राहील. हजार गावांच्या ठरावांबद्दल संसदेत विचारलं जाईल.

हे पत्रक वाचून ठेवून देऊ नका. शेजारच्या फौजीच्या घरी द्या.

आपला,
एका माजी सैनिकाचा मुलगा
सातारा जिल्हा