बेकारभत्ता कोण देतो?



घनसावंगीच्या बसस्थानकावर सकाळी तासभर उभे राहा. जालन्याच्या गाडीत चढणारी पोरे मोजा आणि पाठीला बॅग लावून परत उतरणारी मोजा. तेजीच्या वर्षी चढणारी जास्त, मंदीच्या वर्षी उतरणारी जास्त. मंदीची बातमी शहरात वर्तमानपत्रातून येते. कुंभार पिंपळगावात, तीर्थपुरीत, राणी उंचेगावात ती चुलीपाशी येते. चार माणसांच्या भाकरी थापणारी माउली सहा माणसांच्या थापू लागली, की समजावे, कुठेतरी कारखान्याची एक पाळी बंद झाली.

अशा वेळी शहाणी माणसे म्हणतात, खेड्यातल्या पोरांची एवढी चिंता नको, ती शेतीत सामावली जातात. या 'सामावली जातात' शब्दाचा आम्हाला मनस्वी राग आहे. भरल्या पोत्यात आणखी दोन पायल्या कोंबल्या तर त्या सामावत नाहीत, पोते उसवते.

मे 2020 आठवा. टाळेबंदीत जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांची भट्टी थंड झाली. तिथे राबणारे मध्य प्रदेशातल्या उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांचे मजूर रेल्वेच्या रुळांवरून पायी गावाकडे निघाले. 8 मेच्या पहाटे करमाडजवळ थकून रुळावर झोपलेल्या 16 जणांवरून मालगाडी गेली. त्यांच्या भाकरी रुळांवर विखुरलेल्या होत्या, ते चित्र साऱ्या देशाने पाहिले. काम गेल्यावर ही माणसे जालन्यात का थांबली नाहीत? कारण कारखान्याने काम दिले होते, आधार दिला नव्हता. आधार गावच्या शेतीचा. आपली पोरे वाळूज, चाकण, रांजणगावहून परतली तीही याच हिशेबाने.

त्या वर्षी एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न सुमारे 24 टक्क्यांनी घटले आणि शेतीचे तेवढे 3.4 टक्क्यांनी वाढले, असे सरकारनेच तेव्हा जाहीर केले. शेतीने देशाला तारले म्हणून मोठी स्तुती झाली. स्तुतीला क्विंटलमागे काय भाव मिळतो, ते मात्र कोणी सांगितले नाही.

देश पुढे जातो तशी माणसे शेतीतून बाहेर पडून उद्योगात जातात, हे आम्ही परभणीला कृषी महाविद्यालयात शिकलो. इथे गंगा उलटी वाहते आहे. सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार 2018-19 साली देशातल्या कामकऱ्यांपैकी 42.5 टक्के शेतीत होते. 2020-21 साली ते 46.5 टक्के झाले. बरे, साथ संपली, कारखाने सुरू झाले, मग तरी माणसे परत गेली असतील? 2023-24 साली आकडा 46.1 टक्के. म्हणजे पोरगा आला तो राहिलाच.

आणि याच काळात सरकार सांगते की बेकारी घटली! 2017-18 साली 6 टक्के होती, 2023-24 साली 3.2 टक्क्यांवर आली. आकडा खोटा नाही. पण तो कसा धरला जातो, ते समजून घ्या. वर्षभरात महिनाभर जरी माणसाने काही काम केले, तरी तो कामकरी ठरू शकतो, आणि घरच्या शेतात बिनपगारी हात लावणाराही कामकऱ्यांतच मोजला जातो. म्हणजे बापाच्या पाच एकरांत वखराच्या पाळीला चार दिवस, फवारणीला आठ दिवस आणि खळ्यावर थोडे दिवस उभा राहिलेला बी.ए. झालेला पोरगा बेकार नाही. तो रोजगारात आहे. मालक त्याचा बाप. पगार शून्य.

यातले आम्हाला दुसऱ्याने सांगावे लागत नाही. पदवीनंतर आम्ही बियाण्याच्या एका कंपनीत लागलो होतो. 2009 च्या मंदीत माणसे कमी केली, त्यात आमचा नंबर लागला. घरी आलो. वडिलांनी शेतात काम दिले नाही, कारण काम नव्हतेच. त्यांनी जागा दिली. दोन माणसांच्या कोळपणीला तीन माणसे झाली, म्हणून कपाशीला एकही बोंड जास्त लागले नाही. कोणी विचारले, काय करता, तर आम्ही सांगायचो, शेती. बेकार म्हणवून घ्यायला जीभ रेटत नव्हती. अशा लाजेतून किती बेकार कामकरी झाले असतील, ते कोणत्याच तक्त्यात यायचे नाही.

आता दुसरी सरकारी वही उघडा. कृषिमूल्य आयोग हमीभावासाठी उत्पादनखर्च काढतो, त्यात घरच्या माणसांची मजुरी धरतो. धरतो कशी? शेतमजुराच्या दराने, आणि पिकात प्रत्यक्ष घातलेल्या तासांची. उरलेले रिकामे दिवस हिशेबात नाहीत. गंमत पाहा. बेकारी मोजायची वेळ आली की पोरगा कामकरी. खर्च मोजायची वेळ आली की त्याचे तेवढेच तास मजुरीचे, बाकीच्या वर्षात तो जणू जेवतच नाही. दोन वह्यांच्या मध्ये जो खड्डा आहे, त्यात आपले घर उभे आहे.

तो जेवतो, त्याचा हिशेब आम्ही करून दाखवतो. दिवसाला अर्धा किलो ज्वारी धरा. वर्षाला एक क्विंटल ब्याऐंशी किलो. 2025-26 चा संकरित ज्वारीचा हमीभाव 3699 रुपये. झाले पावणेसात हजार. ही नुसती कोरडी भाकरी. डाळ, तेल, मोबाइलचे रिचार्ज, भरतीच्या क्लासची फी आणि संभाजीनगरच्या खोलीचे भाडे तुमचे तुम्ही मिळवा. विलायतेत कामगार बेकार झाला तर सरकार भत्ता देते. इथे तो भत्ता कोरडवाहू कास्तकार देतो. कारखानदाराला हवा तेव्हा मजूर मिळतो, नको तेव्हा तो आपल्या ओसरीवर ठेवायला येतो, आणि ठेवणावळ आपणच भरतो.

निदान ही ठेवणावळ भरण्याइतका तरी भाव कपाशीला मिळू द्यावा? 2022 च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांवर गेला. लगेच 14 एप्रिल 2022 पासून आयात कापसावरचा 11 टक्के कर उठवला. 2025 साली पुन्हा तेच. 19 ऑगस्टपासून कर माफ, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. वेचणीचा नेमका हंगाम! कारण काय दिले? कापडधंदा अडचणीत आहे, त्याला कच्चा माल स्वस्त मिळाला पाहिजे. सूतगिरणीतल्या कामगाराच्या नोकरीशी आमचे वैर नाही, तोही कुठल्यातरी कास्तकाराचाच पोरगा. पण त्याची नोकरी वाचवायची वर्गणी फक्त आपल्याच काट्यावर का कापायची? 2025-26 साली लांब धाग्याचा हमीभाव 8110 कागदावर लिहिला होता. तो घ्यायला मोबाइलवर नोंदणी करा, ओलावा 12 टक्क्यांच्या आत ठेवा, नंबर येईपर्यंत घरात कापूस साठवा. ज्याला उधारी फेडायची घाई आहे, तो व्यापाऱ्याच्या दारात कमी भावाने घालून मोकळा होतो.

नोकरीचे म्हणाल, तर 2023 साली तलाठ्यांच्या 4644 जागांना दहा लाखांहून जास्त अर्ज आले. फी खुल्या वर्गाला हजार, राखीवला नऊशे. गुणाकार करा, नव्वद कोटींच्या घरात जातो. 2024 साली पोलिस शिपायाच्या 17,471 जागांना साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज. शंभरात एक घेणार, नव्व्याण्णव परत ओसरीवर. त्याच वर्षी मुख्यमंत्र्यांच्या नावाने प्रशिक्षण योजना आली, बारावीला महिना सहा हजार, पदवीधराला दहा हजार, सहा महिन्यांसाठी, पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. बाराव्या महिन्याला काय, हे विचारणाऱ्या पोरांना उत्तर नाही.

शेजारच्या अंबड तालुक्यातली अंतरवाली सराटी 2023 साली साऱ्या राज्याला माहीत झाली. आरक्षणाच्या मागणीचा न्यायनिवाडा करायला हे पान नाही, आपल्या बैठकीत दोन्ही मतांचे लोक बसतात. आमचे म्हणणे एवढेच, की 4644 जागा कशाही वाटल्या तरी त्या 4644 च राहतात. ज्याच्या कपाशीला भाव मिळाला असता, त्याने तलाठी व्हायला एवढा जीव टाकला असता काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी एकमेकांना विचारून पाहावा.

आता घरचे उणे. दहा रुपये किलो देऊन वेचणीला माणूस मिळत नाही आणि घरात पदवीधर रिकामा, हे दोन्ही एकाच अंगणात दिसते. आई ओटीत कापूस भरत पाथ काढते आणि पोरगा पारावर मोबाइल बघतो. कारण वेचणी बायांची, आणि शिकलेल्याने मातीत हात घालायचा नाही, हे आपणच शिकवले. आम्हीही वर्षभर हेच केले, आईने एक शब्द बोलून दाखवला नाही. पोराला दोष द्यायच्या आधी हेही बोलले पाहिजे. पण तो उद्या वेचणीला उतरला, तरी ते काम दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचे. त्याच्या बाकीच्या वर्षाचे उत्तर वेचणीत नाही. इथला कापूस इथेच पिंजून, कातून, विणून विकायचे धंदे तालुक्यात उभे राहिले, तर ते थोडेफार सापडेल, आणि असे धंदे टाकायला भांडवल लागते ते कापसाच्या भावातूनच यायचे.

म्हणून जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गेल्या पाच वर्षांत बाहेरचे काम सुटून गावात परत आलेले किती, मुले आणि मुली वेगळ्या मोजा. त्यांनी घरच्या शेतात खरोखर किती दिवस काम केले. भरतीच्या अर्जांना, क्लासला, खोलीला घरातून किती पैसा गेला, आणि तो काय विकून उभा केला. नावे लिहू नका, घराची अब्रू चव्हाट्यावर नको. ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यांची यादी वेगळी ठेवा, त्यांच्या उचलीचा हिशेब निराळा आहे. पाढे सोपे ठेवा. सगळ्या गावांची बेरीज त्याच दिवशी फळ्यावर मांडू आणि तेच निवेदन कृषिमूल्य आयोगाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना देऊ. कागद पोरांकडूनच लिहून घ्या. त्यांचे अक्षर चांगले आहे.