घटस्थापनेच्या आत चासी नंबर तपासा

पाथर्डी तालुक्यातल्या तमाम पिकअपवाल्यांना एका ऊसतोड मुकादमाचा हा उघड इशारा आहे. घटस्थापनेपर्यंत ज्याने गाडीचा चासी नंबर रिकॉलच्या यादीत तपासला नाही, त्याच्या गाडीत माझ्या टोळीतल्या एकाही बिऱ्हाडाचं सामान चढणार नाही. मग तो सोयरा असो की भाऊबंद.

ऑगस्ट 2021मध्ये महिंद्राने 29,878 पिकअप परत बोलावल्या. जानेवारी 2020 ते फेब्रुवारी 2021 या काळात बनलेल्या. द्रव वाहून नेणारी एक नळी नीट जोडली गेली नसावी, असा संशय होता. तपासणी फुकट, बदलीही फुकट. कंपनी मालकाला कळवते, पण कोणत्या? कागदावरच्या. आपल्याकडे गाडी तीन हात फिरते, टीटी फॉर्मवर सह्या होतात आणि आरसी पहिल्याच्याच नावावर पडून राहते. निरोप जातो त्याला, करंजी घाटात स्टिअरिंग असतं तुमच्या हातात. म्हणून ‘मला कुणी कळवलं नाही’ ही सबब मी ऐकणार नाही. नंबर आरसीवर आहे. कंपनीच्या वेबसाइटवर टाका, नाहीतर सर्व्हिस सेंटरला विचारा. गळक्या नळीला एम-सील थापून गाडी घाटात काढायचे दिवस संपले.

मालवाहू गाडीत माणसं बसवणं मुळातच बेकायदा. तरी कोयता निघाला की भांडीकुंडी, बाजरीची पोती, शेळ्या आणि त्यांच्यावर बाया-पोरं, असंच आपण वर्षानुवर्षं नेत आलो. मीही नेली. यंदा माझी माणसं प्रवासी गाडीनेच जातील. पिकअपमध्ये फक्त सामान.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनो, ‘पार्ट आला नाही’ असं तोंडी सांगून कुणाला परत पाठवू नका. तारीख टाकून लेखी द्या. पंधरा दिवसांत काम झालं नाही, तर तो कागद आम्ही नगरच्या आरटीओत आणि जिल्हा ग्राहक आयोगात नेऊ. मोटार वाहन कायद्यात 2019च्या दुरुस्तीने 110-अ कलम आलं, त्याचे नियम 1 एप्रिल 2021पासून लागू आहेत. केंद्र सरकार सदोष गाड्या परत बोलवायला लावू शकतं, कंपनीला 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण पुरेशा मालकांनी वाहन पोर्टलवर तक्रारी नोंदवल्या, की हे चाक फिरू शकतं, आणि तेही सात वर्षांच्या आतल्या गाडीसाठी. 2020ची गाडी 2027मध्ये त्यातून बाहेर पडते.

घटस्थापनेला सकाळी तपासणीचा कागद घेऊन पाथर्डी बसस्थानकाबाहेर या. कागद नसेल त्याने गाडी आणू नये.